वाचनालयातल्या मशीनवर कुठला एडिटर: प्रकल्प नोंदी

१ जून २०२५, रविवार

जांबोटी रस्त्यावरच्या गावात, वाचनालयाच्या मागच्या खोलीत जुने डेस्कटॉप मांडून झाले. प्रत्येकात ४ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क, वर डेबियन लिनक्स आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप. यूपीएसच्या बॅटऱ्या बहुतेक गेलेल्या. नेट म्हणजे कुणाच्या तरी मोबाइलचा हॉटस्पॉट, तोही खिडकीजवळ बसलं तरच. शनिवारी दुपारी मुलं येणार: खानापूरच्या कॉलेजातली काही, आयटीआयची पोरं, नुकती दहावी झालेली. बहुतेक मराठी शाळेतली, दोघी कन्नड माध्यमातल्या.

काम ठरलंय. गावातल्या दूध डेअरीचं बिल पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत करायचं. सकाळ-संध्याकाळचं लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला घन भाग), त्यावरून दर, आणि दहा दिवसांनी प्रत्येकाची पावती. पावतीवर नाव मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही. दूध घालणाऱ्यांत दोन्हीकडची माणसं आहेत, आणि आपलं नाव आपल्या लिपीत बघायचा हक्क सगळ्यांना आहे.

हिशेब मुलं करतील. अडचण नावांत येणार, हे बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांची बिलं लिहून लिहून मला माहीत झालंय. म्हणून एडिटर, म्हणजे कोड लिहायचा प्रोग्राम, आधी ठरवायचा. नेटवर एडिटरची तुलना वाचायला गेलं की विम की इमॅक्स हे भांडण, नाहीतर रंगसंगती आणि शॉर्टकट. आमच्या खोलीत प्रश्न वेगळे आहेत. फाइलीत जे आहे तेच पडद्यावर दिसतं का? लाईट गेली तर लिहिलेलं राहतं का? आणि ४ जीबीत चालतं का? या तीन प्रश्नांवर जो टिकेल तो.

७ जून, शनिवार

सुरुवात टर्मिनलपासून, म्हणजे नुसत्या मजकुराच्या काळ्या खिडकीपासून. त्यात चालणारे नॅनो आणि विम हे दोन्ही एडिटर टाकले.

दोन्ही हलके, क्षणात उघडतात. पण नावांची फाइल उघडली आणि मुलं थांबली. "लक्ष्मी" मधला क्ष फुटलेला, वेलांट्या सुट्या, काने एकमेकांवर चढलेले. आयटीआयचा मुलगा म्हणाला, "ताई, फाइल बिघडली की ओ!" फाइल नीट होती. तीच फाइल ब्राउझरमध्ये उघडून दाखवली, अक्षरं जागच्या जागी.

असं का होतं ते फळ्यावर काढलं, कारण हे एकदा कळलं की पुढचं निम्मं कळतं. टर्मिनल म्हणजे चौकटींचा कागद. एका चौकटीत एक अक्षर, इंग्रजीचं तसंच असतं. "क्षि" लिहायला फाइलीत चार चिन्हं ओळीने असतात: क, हलंत, ष, ऱ्हस्व वेलांटी. वेलांटी फाइलीत शेवटी, डोळ्याला दिसते सगळ्यात आधी. चिन्हं अशी मागेपुढे करून जोडाक्षर घडवणं हे वेगळंच काम आहे. ब्राउझरमध्ये ते हार्फबझ नावाची लायब्ररी करते. आमच्या टर्मिनलमध्ये ते होत नाही, प्रत्येक चिन्ह आपापल्या चौकटीत बसवलं जातं. कन्नडचं तर याहून वाईट, ओत्तक्षरं, म्हणजे जोडाक्षरातली खालची अक्षरं, खाली लटकायची ती बाजूला येऊन बसतात.

विमचा वंश अशा चौकटींच्या यंत्रांवरच वाढला. विमचा पूर्वज व्हीआय बिल जॉयने १९७६ च्या सुमारास बर्कलेला लिहिला, एडीएम-३ए टर्मिनलवर. त्या कीबोर्डवर एच, जे, के, एल या कळांवरच बाण छापलेले होते, आणि विममध्ये आजही कर्सर त्याच कळांनी हलतो. घरून तो ३०० बॉडच्या मोडेमवर काम करायचा. पडद्यावर एकेक अक्षर सरपटत येणार, म्हणून आज्ञा जितक्या आखूड तितकं बरं. त्या काटकसरीतून आलेली आज्ञांची भाषा मला फार आवडते. "तीन शब्द काढ" हे तीन कळांत सांगता येतं आणि दहा दिवसांत बोटांना सवय होते.

मराठी मजकुरासाठी मात्र टर्मिनल वापरायचं नाही, एवढं आज पक्कं.

१४ जून, शनिवार

व्हीएस कोड, मायक्रोसॉफ्टचा एडिटर.

मराठी, कन्नड दोन्ही सुरेख दिसतं. आत क्रोमियम आहे, म्हणजे ब्राउझरच, त्यामुळे जोडाक्षरांचा प्रश्नच येत नाही. मुलांच्या चेहऱ्यावर लगेच फरक दिसला. कॉलेजात हेच बघितलेलं असतं.

पण मशीन दमतात. ब्राउझरच्या पायावर ॲप बांधायच्या इलेक्ट्रॉन या सोयीवर बांधलेलं असल्याने एडिटर उघडला की अख्खा ब्राउझर आणि त्याच्या जोडीला जावास्क्रिप्ट चालवणारं नोड सुरू होतं. फिरत्या डिस्कवर उघडायला वेळ लागतो, तो चालतो. पायथॉनचा लँग्वेज सर्व्हर (लिहिता लिहिता चुका दाखवणारा प्रोग्राम) सुरू झाला आणि शेजारी फायरफॉक्स उघडा असला, की डिस्कचा दिवा विझायचं नाव घेत नाही आणि टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटतं. नवशिक्यासाठी हे वाईट. आपण चुकलो की मशीन अडकलं, हे त्याला कळत नाही.

एक्स्टेन्शनं हॉटस्पॉटवरून उतरवणं अवघड. मी घरून फाइली पेनड्राइव्हवर आणल्या आणि तिथून बसवल्या, ते नीट झालं. परवान्याबद्दल मुलांना सांगितलं ते इथेही लिहून ठेवते: कोड एमआयटी परवान्याखाली खुला आहे, पण मायक्रोसॉफ्ट जी तयार प्रत देते तिचा परवाना वेगळा, आणि वापराची माहिती पाठवण्याची सोय त्यात आधीपासून चालू असते. ती बंद करता येते. व्हीएसकोडियम नावाची प्रत ते वगळून बांधलेली मिळते, पण मायक्रोसॉफ्टची काही एक्स्टेन्शनं, त्यात पायथॉनसाठीचं पायलान्सही आलं, परवान्याप्रमाणे तिथे वापरता येत नाहीत.

एक मोठं श्रेय मात्र व्हीएस कोडला द्यायलाच हवं. २०१६ साली त्यांनी लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल खुला केला. त्याआधी प्रत्येक एडिटरने प्रत्येक भाषेसाठी वेगळं लिहायचं. आता भाषेची जाण एका सर्व्हरमध्ये, आणि कुठलाही एडिटर त्याच्याशी बोलू शकतो. निओविम, इमॅक्स, केट, सगळे बोलतात. चुकीच्या ओळीखाली लाल रेघ हवी म्हणून आता व्हीएस कोडच पाहिजे असं राहिलं नाही.

सब्लाइम टेक्स्टचा विचार सोडला. उत्तम आणि चपळ आहे, पण परवाना विकत घ्यावा लागतो आणि वाचनालयाकडे तेवढे पैसे नाहीत.

२१ जून, शनिवार

आजचा दिवस एका अक्षरात गेला, आणि तो सार्थकी लागला.

कॉलेजच्या मुलीने चलाचं, म्हणजे व्हेरिएबलचं, नाव मराठीत ठेवलं: शेतकऱ्याचे_नाव. पायथॉन ३ मध्ये चालतं, देवनागरी नावांना परवानगी आहे. तिच्या मशीनवर चाललं. तीच ओळ शेजारच्याने फोनवर लिहून स्वतःकडे पाठवली आणि फाइलीत चिकटवली, तर त्याच्याकडे पायथॉन तक्रार करायला लागला की ओळीत न दिसणारं अक्षर आहे. दोघांचे पडदे शेजारी शेजारी, अक्षर न् अक्षर सारखं. मुलं आळीपाळीने वाकून बघत होती.

मी त्याची फाइल विममध्ये उघडली. टर्मिनलमध्ये मराठी फुटतं म्हणून गेल्या वेळी बाजूला ठेवलेला हाच विम, आणि त्याच फुटण्याचा आज उपयोग झाला. "शेतक", मग र, हलंत, मग कोनी कंसात स्पष्ट लिहिलेलं २००डी, मग या. दुसऱ्या फाइलीत ते २००डी नव्हतंच.

ऱ्य लिहायच्या दोन रीती आहेत. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलंत, मग य. दुसरी, साधा र, हलंत, त्यामागे झीरो विड्थ जॉइनर (हेच ते २००डी), मग य. जॉइनरला रुंदी नाही, तो फक्त सांगतो की इथे रफार नको, अर्धा र काढ. दोन्हींचं चित्र एकच. कुठला कीबोर्ड काय घालतो ते ज्याच्या त्याच्या रचनेवर. पायथॉनच्या मजकुरात, म्हणजे अवतरणात, दोन्ही चालतात. चलाच्या नावात जॉइनर चालत नाही. म्हणून चूक तिथे वर आली, नाहीतर ती लपूनच राहिली असती.

लपून कुठे राहते, तेही लगेच करून बघितलं. डेअरीची यादी दोघांनी मिळून टाइप केली आहे. व्हीएस कोडमध्ये "कोठाऱ्याजवळ" शोधलं, पत्त्यांत तो शब्द जितक्यांदा डोळ्याला दिसतो तितक्यांदा सापडला नाही. उरलेले जॉइनरवाले. माणसाचा पत्ता यादीत असून शोधाला सापडत नाही. पावतीवर एकाच माणसाची दोन खाती पडायला एवढं पुरे.

मग प्रत्येक एडिटरला एकच विचारलं: कर्सरखाली नेमकं काय आहे ते सांग. विममध्ये जी आणि ए दाबलं की त्या अक्षराचा क्रमांक खाली येतो, सोबत चिकटलेली चिन्हंही. र म्हणजे २३५२, ऱ म्हणजे २३५३, हलंत २३८१. मुलांनी वहीत उतरवून घेतलं. इमॅक्स याहून पुढे जातो. कंट्रोल-यू, मग कंट्रोल-एक्स आणि बरोबरचं चिन्ह, की खिडकी उघडते: युनिकोडमधलं, म्हणजे जगातल्या सगळ्या लिपींच्या अक्षरांच्या क्रमांकयादीतलं, अक्षराचं नाव, त्याचा गट, कुठल्या फॉन्टने काढलं, कुठल्या चिन्हांशी जोडून काढलं. जोडाक्षरही फुटत नाही, कारण २७ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, इमॅक्स हार्फबझ वापरतो. मजकूर नीट दाखवायचा आणि विचारलं की आतलंही उघडून सांगायचं, ही दोन्ही कामं मी बघितलेल्यांत इमॅक्सइतकी चांगली कुणी करत नाही. व्हीएस कोडमध्ये अदृश्य अक्षरांभोवती चौकट काढायची सोय २०२१ च्या अखेरीस आली. अक्षराचा क्रमांक सविस्तर हवा तर एक्स्टेन्शन शोधावं लागतं.

आयटीआयच्या मुलाने उपाय काढला: सगळे जॉइनर यादीतून काढून टाकू. मराठीपुरतंही ते चुकीचं ठरलं असतं, कारण नुसता जॉइनर गेला की ऱ्य चा र्य होतो. पण खरी अडचण कन्नड माध्यमातल्या मुलीने दाखवली. "अक्का, आमच्यात रँक लिहायला तो लागतोय," असं म्हणून तिने लिहूनच दाखवलं. कन्नडमध्ये र आणि हलंत यांच्यामध्ये जॉइनर घातला तर र पूर्ण राहतो आणि य खाली ओत्तक्षर होऊन येतो. जॉइनर काढला की अर्कावत्तु, म्हणजे कन्नडचा रफार, होतो आणि शब्द चुकतो. सरसकट साफसफाई केली असती तर मराठी शोधाच्या नादात कन्नड नावं बिघडली असती.

ठरलं ते असं: देवनागरी र, हलंत, जॉइनर ही तीन चिन्हं ओळीने दिसली तरच त्यांच्या जागी ऱ आणि हलंत. कन्नडला हात लावायचा नाही. पायथॉनमधलं युनिकोड नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराच्या वेगळ्या रीती एक करणं) इथे अर्धंच पुरतं. र खाली नुक्ता देऊन केलेला ऱ ते एक करून देतं, जॉइनरला शिवत नाही. बदलाची ओळ मुलीनेच लिहिली.

५ जुलै, शनिवार

पावसाने जोर धरलाय. खानापूरच्या या पट्ट्यात आषाढात लाईट जाणं रोजचं, फांदी पडली की गावच अंधारात. तेव्हा आज मुद्दामच खटका बंद करायची चाचणी. प्रत्येक एडिटरमध्ये मुलांनी एकच परिच्छेद टाइप करायचा, मध्येच मी मशीनचा खटका पाडणार, मग सुरू करून काय उरलं ते बघायचं.

आधी एक गोष्ट समजावली. सेव्ह केलं म्हणजे डिस्कवर गेलं असं नसतं. लिनक्स लिहिलेलं आधी मेमरीत धरून ठेवतो आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. एडिटरने "आत्ताच उतरव" असं बजावून सांगितलं तरच ते लगेच उतरतं. विम हे आपणहून सांगतो, तशी त्याची मूळ मांडणीच आहे.

नॅनो: काही उरलं नाही. तो मरताना वाचवायचा प्रयत्न करतो, पण वीज गेल्यावर मरायलाही वेळ मिळत नाही.

जीनी: हलका, छान, एफ५ दाबलं की प्रोग्राम चालतो. मला तो मनापासून आवडतो. पण आपोआप जपून ठेवायचं प्लगइन वेगळं चालू करावं लागतं. ते केल्याशिवाय सेव्ह न केलेलं गेलं.

विम: शेजारी स्वॅप फाइल, म्हणजे न सेव्ह केलेल्याची तात्पुरती नोंद, ठेवतो. २०० अक्षरं टाइप झाली, किंवा चार सेकंद हात थांबला, की त्यात लिहितो. मशीन सुरू करून फाइल उघडल्यावर ई३२५ चा मोठा इशारा येतो आणि परत मिळवायचं का विचारतो. मिळालं, शेवटची ओळ सोडून. इशाऱ्याचा मजकूर मात्र लांब आणि इंग्रजीत. दहावीच्या मुलाने घाबरून ती फाइल बंदच करून टाकली.

इमॅक्स: ३०० कळा किंवा तीस सेकंद शांतता. आमची मुलं सावकाश टाइप करतात, मध्ये विचार करतात पण अर्धा मिनिट नाही. त्यामुळे इथे गेलेला मजकूर विमपेक्षा जास्त. मर्यादा कमी करता येते, सेटिंगमध्ये पाच सेकंद केल्यावर फरक पडला.

व्हीएस कोड: इथे तो सगळ्यांच्या पुढे. बदल केल्यावर सेकंदाच्या आसपास नोंद ठेवतो. नाव न दिलेली, कधीच सेव्ह न केलेली फाइलसुद्धा परत आली. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

केट, केडीई डेस्कटॉपचा एडिटर: फाइलीशेजारी स्वॅप फाइल. ठरलेला वेळ पंधरा सेकंद, मी सेटिंगमध्ये पाच केला. फाइल पुन्हा उघडली की वर एक पट्टी येते: बदल बघा, परत मिळवा, टाकून द्या. इशारा नाही, आरडाओरड नाही, तीन बटणं. "बदल बघा" दाबलं की काय काय परत येणार ते आधी दिसतं. विमच्या इशाऱ्याला घाबरलेल्या त्याच दहावीच्या मुलाने कुणाला न विचारता फाइल परत मिळवली. अट एकच, फाइलला आधी नाव दिलेलं हवं. तेव्हा खोलीचा नियम: नवी फाइल उघडली की पहिल्यांदा नाव देऊन सेव्ह, मग टाइप.

एकीच्या घरी विंडोज आहे, तिने नोटपॅड प्लस प्लसचं विचारलं. तो फक्त विंडोजवर, २००३ पासून आहे, आणि दर सात सेकंदांनी न सेव्ह केलेलं जपतो. घरी तो वापरायला काही हरकत नाही.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. वर्ग नाही. घरी इमॅक्सचं सेटिंग बसवून बघितलं, पुढच्या वेळी कीबोर्डचा विषय घ्यायचा म्हणून.

१२ जुलै, शनिवार

कीबोर्ड. मुलांना इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिपींची समान कीबोर्ड मांडणी, शिकवलाय, कारण त्याच मांडणीवर कन्नडही येतं. जिथे मराठीचा क तिथेच कन्नडचा क. दोन लिपी, बोटं एकच. या खोलीसाठी याहून सोयीचं काही नाही. आणि शिफ्ट-जे वर सरळ ऱ येतो, म्हणजे गेल्या महिन्यातला जॉइनरचा घोळ मुळातच होत नाही.

विममध्ये इथे अडतं. मराठीत ओळ लिहून एस्केप दाबलं, पण कीबोर्ड मराठीवरच राहिला, तर पुढची जे ची कळ खाली नेत नाही, र होऊन विमकडे जाते आणि विम नुसता बसून राहतो. मुलांचे हात इंग्रजी-मराठी बदलण्यातच गुंतून पडले. उपाय विमच्या आतच आहे: कीमॅप नावाची सोय, तिच्यात लिपी फक्त टाइप करतानापुरती बदलते आणि आज्ञा इंग्रजीतच राहतात. सवय असणाऱ्याला हे उत्तम. पहिल्या महिन्यात हे शिकवणं म्हणजे पायथॉन बाजूला ठेवणं.

इमॅक्समध्ये हे मुळापासून विचार करून केलंय. देवनागरी-इन्स्क्रिप्ट आणि कन्नड-इन्स्क्रिप्ट दोन्ही सोबतच येतात, कंट्रोल आणि उलट्या तिरक्या रेघेने चालू-बंद होतात, आज्ञा कुठेही अडत नाहीत. रिचर्ड स्टॉलमनच्या मूळ इमॅक्सचं साल १९७६, जीएनयू इमॅक्सचं १९८५, आणि तेव्हापासून जगभरच्या लिपींसाठी कुणी ना कुणी त्यात भर घालत आलंय. मला ही परंपरा मोलाची वाटते. पण कळांच्या जोड्या लांबलचक, आणि कट-कॉपी-पेस्टच्या नेहमीच्या कळा इथे वेगळंच काहीतरी करतात. कॉलेजात दुसऱ्या मशीनवर बसल्यावर मुलं गोंधळतील.

१९ जुलै, शनिवार

पाऊस फार. गाडी गावापर्यंत गेली नाही. वर्ग रद्द.

२६ जुलै, शनिवार

उद्यमबागेतला एक जुना सहकारी मदतीला आला होता. त्याचं मत स्पष्ट: "व्हीएस कोडच शिकवा. मुलाखतीला गेल्यावर तेच असतंय." त्यात तथ्य आहे. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या साइटच्या वार्षिक पाहणीत गेली कित्येक वर्षं तोच पहिला. पुण्याला, बेंगळुरूला नोकरीला गेलेल्या आमच्या मुलांच्या लॅपटॉपवर तोच दिसतो.

मी त्याला ॲटमची आठवण दिली. गिटहबने काढलेला, लाखो लोकांनी हौसेने वापरलेला एडिटर. इलेक्ट्रॉन मुळात ॲटमसाठीच बांधलं होतं. १५ डिसेंबर २०२२ ला तो बंद झाला. पुढे त्याच मंडळींनी झेड काढला, पण ज्यांनी बोटं ॲटमवर बसवली होती त्यांना नव्याने बसवावी लागली. विमचं पाहा. ब्रॅम मूलेनारने पहिली आवृत्ती १९९१ मध्ये दिली, ऑगस्ट २०२३ मध्ये तो गेला, आणि विम चालूच आहे, बाकीच्यांनी सांभाळला. विम उघडला की युगांडातल्या मुलांना मदत करा अशी ओळ दिसते, ती त्याचीच. आमच्या मुलांना ती ओळ मी वाचून दाखवली होती. हा माणूस सॉफ्टवेअर फुकट देऊन त्या बदल्यात किबाले गावच्या पोरांसाठी मदत मागत होता, हे त्यांना कळायला हवं असं मला वाटतं.

सहकाऱ्याने विचारलं, मग विम का नाही ठेवत? कारण इथे कामाचा निम्मा मजकूर मराठी-कन्नड आहे आणि टर्मिनलमध्ये तो वाचता येत नाही. ज्याला स्वतःचं नाव पडद्यावर फुटलेलं दिसतं, त्या मुलाला पहिल्याच दिवशी वाटतं की हे यंत्र आपल्यासाठी नाही. ते मला या खोलीत होऊ द्यायचं नाही. याच्यापुढे वेगाचा, शॉर्टकटचा, फॅशनचा कुठलाही मुद्दा मला मोठा वाटत नाही.

बराच वेळ बोललो, तो शेवटी म्हणाला, "मग केट टाका की." मीही तिथेच पोचले होते. केट क्यूटी या लायब्ररीवर उभा असल्याने जोडाक्षरं नीट. मेनू ओळखीचा, कंट्रोल-सी आणि कंट्रोल-व्ही नेहमीसारखे. लँग्वेज सर्व्हरची सोय २०१९ पासून आतच आहे. एक्सएफसीईवर टाकताना केडीईच्या बऱ्याच लायब्ऱ्या ओढून आणतो, डिस्कवर जागा खातो, पण चालताना मशीन दमत नाही. लाईट गेल्यावर तीन बटणांची पट्टी. अक्षराच्या आत डोकावून बघायला मात्र तो कमी पडतो, त्यासाठी प्रत्येक मशीनवर इमॅक्सही ठेवला आणि ती एक आज्ञा भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिली.

ज्यांच्याकडे स्वतःचा बऱ्यापैकी लॅपटॉप आहे त्यांनी व्हीएस कोड खुशाल वापरावा. दिवाळीनंतर सगळ्यांना विमचं शिकवणीचं पान करायला लावायचं, कारण उद्या सर्व्हरवर हात घालायची वेळ आली की तिथे दुसरं काही मिळेलच असं नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

केटवर काम सुरू होऊन काही आठवडे झाले. दर काढायचा भाग पूर्ण. एक छान गोष्ट सापडली: पायथॉनला मजकूर म्हणून दिलेले मराठी अंक समजतात. डेअरीच्या जुन्या वहीवरून "३५" असं उतरवलं तरी आकड्यात बदलताना ते नीट पस्तीस होतं, कन्नड अंकांचंही तसंच. थेट कोडमध्ये मात्र इंग्रजी अंकच लागतात.

फॉन्टवर वेळ गेला. एडिटरला भाषा कळत नाही, लिपी कळते, म्हणून ल आणि श हिंदी वळणाचे दिसत होते. लोहित मराठी हा वेगळा फॉन्ट डेबियनमध्ये मिळतो, तो बसवल्यावर पाकळीचा ल आणि देठाचा श आपल्या पुस्तकातला दिसायला लागला. इंग्रजी कोडसाठी समान रुंदीचा फॉन्ट, मराठीसाठी लोहित मराठी, कन्नडसाठी नोटो. ओळींच्या उंचीत थोडा फरक पडतो, ओत्तक्षरं खालच्या ओळीला टेकतात. केटमध्ये ओळींमधलं अंतर वाढवून ते मिटलं.

केटच्या खाली टर्मिनलची पट्टी आहे, त्यात प्रोग्राम चालवला की पावतीवरची नावं पुन्हा फुटलेली. एडिटर बदलून टर्मिनल बदलत नाही. तेव्हा पावती पडद्यावर छापायचीच नाही, एचटीएमएल फाइलीत लिहायची आणि ब्राउझरमध्ये उघडायची. प्रिंटही तिथूनच. टर्मिनलमध्ये फक्त "पावती तयार" आणि खाते क्रमांक.

२३ ऑगस्ट, शनिवार

गणपतीआधीचा शेवटचा वर्ग. मधल्या काळात वर्ग चालू असताना लाईट दोनदा गेली, एकदा तासभर आलीच नाही. आल्यावर मुलांनी आपापल्या फाइली पट्टीवरून परत मिळवल्या आणि पुढे लागली.

डेअरीच्या सचिवांना दहा दिवसांच्या पावत्या काढून दाखवल्या. नावं दोन्ही लिपींत, पत्त्यांत "कोठाऱ्याजवळ" शोधल्यावर सगळे सापडतात. त्यांनी एका पावतीत कन्नड नावाचं स्पेलिंग दुरुस्त करायला सांगितलं, आणि ती दुरुस्ती कन्नड माध्यमातल्या मुलीने त्यांच्यासमोरच केटमध्ये केली.

राहिलेलं: यादीची जुनी फाइल श्रीलिपी या युनिकोड नसलेल्या जुन्या पद्धतीत टाइप केलेली आहे, ती युनिकोडमध्ये आणायची. सेटिंगच्या फाइली पेनड्राइव्हवर घेऊन सगळ्या मशीनवर सारख्या करायच्या. यूपीएसच्या बॅटऱ्यांसाठी वाचनालयाच्या बैठकीत विषय मांडायचा. पुढचा वर्ग अनंत चतुर्दशीनंतरच्या शनिवारी.